टेसा प्रकरण: हेल्पलाइनच्या जागी बसवलेला चॅटबॉट

मे २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका चॅटबॉटने एका बाईला वजन उतरवण्याचा सल्ला दिला. रोजच्या गरजेपेक्षा ५०० ते १,००० कॅलरी कमी खा, आठवड्याला एक ते दोन पाउंड वजन घटवा, दर आठवड्याला काट्यावर उभ्या राहा, अंगावरची चरबी मोजायला कॅलिपर वापरा. कुठल्याही जिममध्ये, कुठल्याही डाएट प्लॅनमध्ये हेच सांगतात. पण टेसा नावाचा हा चॅटबॉट नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनचा होता. ‘नीडा’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था खाण्याच्या विकारांवर काम करणारी अमेरिकेतली सर्वात मोठी ना-नफा संस्था मानली जाते. सल्ला मिळालेली बाई सॅन डिएगोची कार्यकर्ती होती आणि ती स्वतः या विकारातून गेलेली होती. ज्या गोष्टींनी मला आजारी पाडलं त्याच टेसाने मला करायला सांगितल्या, असं तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी, ३० मे रोजी, नीडाने टेसा बंद केली.

वर्तमानपत्रांतून या घटनेची ‘एआय भरकटलं’ अशी गोष्ट झाली. ती खोटी नाही, पण फार तोकडी आहे. इथे एका कामासाठी तपासलेलं साधन उचलून भलत्याच कामाला लावलं गेलं. नंतर त्या साधनाच्या आतला मालही बदलला, आणि तपासणीचं प्रमाणपत्र मात्र जुनंच चिकटून राहिलं. बाटली तीच, औषध वेगळं.

हेल्पलाइन

नीडाची हेल्पलाइन वीस वर्षांहून अधिक काळ चालू होती. फोन, मेसेज आणि चॅट अशा तिन्ही वाटांनी लोक तिथे यायचे. २०२२ मध्ये जवळपास ७०,००० जणांनी संपर्क केला. एवढा भार उचलणारे पगारी लोक जेमतेम सहाच्या आसपास. बाकी सगळं स्वयंसेवकांवर, एका वेळी दोनशेपर्यंत. पगारी मंडळींचं मुख्य काम या स्वयंसेवकांना शिकवणं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणं.

कोविडनंतर येणाऱ्या संपर्कांचा पोत बदलला. आधी बहुतेक लोक माहिती विचारायला यायचे: मुलगी जेवत नाही, हे ॲनोरेक्झिया असेल का, जवळ कोण डॉक्टर आहे. पुढे पुढे आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा करणं, घरातला छळ असे विषय वाढले. हेल्पलाइनवरचे लोक थेरपिस्ट नव्हते, संकटकाळाचे समुपदेशकही नव्हते. कर्मचाऱ्यांनी जास्त माणसं आणि चांगलं प्रशिक्षण मागितलं, आणि शेवटी युनियन केली. मार्च २०२३ मध्ये ते मतदान जिंकले. निकालावर शिक्कामोर्तब होऊन चार दिवस झाले, आणि ३१ मार्चच्या ऑनलाइन बैठकीत त्यांना सांगण्यात आलं की हेल्पलाइन गुंडाळली जाणार आहे आणि १ जूनच्या सुमारास टेसाकडे ‘संक्रमण’ होईल.

युनियनचा याच्याशी काही संबंध नाही, असं नीडाचं म्हणणं होतं. वाढलेली प्रतीक्षा-यादी आणि प्रशिक्षित नसलेल्या स्वयंसेवकांकडून संकटातले फोन घेतले जाण्यातली कायदेशीर जोखीम, ही कारणं त्यांनी दिली. कर्मचाऱ्यांना ते पटलं नाही, आणि त्यांनी कामगार-मंडळाकडे तक्रार केली. तारखा पाहिल्या तर त्यांचा संशय समजण्यासारखा आहे. पण नीडाने सांगितलेली अडचणही काल्पनिक नव्हती. रात्री दोनला ‘मला जगायचं नाही’ असा मेसेज आला आणि समोर काही तासांचं प्रशिक्षण घेतलेली विद्यार्थिनी बसली असेल, तर दोघीही धोक्यात असतात. त्यावर उपाय म्हणून संवाद ठरीव चौकटीपलीकडे न नेणारं यंत्र आणणं, हे मात्र मला अजूनही कळत नाही. ज्या संपर्कांची भीती होती, त्यांच्यासाठीच टेसा सर्वात निरुपयोगी होती.

टेसा मुळात काय होती

टेसाची वंशावळ चांगली आहे. स्टॅनफर्डमध्ये सी. बार टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ‘स्टुडंट बॉडीज’ नावाचा ऑनलाइन कार्यक्रम सुरू केला. कॉलेजातल्या मुलींनी शरीराबद्दलची सततची नाराजी कशी ओळखावी, माध्यमांतल्या प्रतिमा कशा वाचाव्यात, डाएटच्या चक्रातून कसं बाहेर राहावं, असे त्याचे धडे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीवर, म्हणजे सीबीटीवर, बेतलेले होते; विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी ही उपचारपद्धती. सोबत गटचर्चा असायची आणि ती सांभाळायला एक जिवंत माणूस. खर्च होता तो त्या माणसाचा. त्याच्याविना हेच धडे देता आले तर ते कितीतरी जास्त मुलींपर्यंत जातील, या विचारातून चॅटबॉट आला. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या मानसशास्त्रज्ञ एलेन फिट्झसिमन्स-क्राफ्ट यांनी टेलर यांच्यासह त्याचा आशय तयार केला. तांत्रिक बाजू एक्सटू-एआय या कंपनीकडे होती. तिचंच नाव पुढे कॅस झालं.

ही पहिली टेसा नियमांवर चालायची. आठ संवाद, आधीच लिहिलेले. तुम्ही अमुक म्हणालात तर तमुक वाक्य पुढे यायचं. स्वतःहून नवं वाक्य रचण्याची तिला सोयच नव्हती, आणि ती मुद्दामच वगळलेली होती. या लोकांसमोर स्वतः उत्तरं रचणारा एआय सोडण्याइतकं ते तंत्र तयार नाही, असं फिट्झसिमन्स-क्राफ्ट यांनी नंतर सांगितलं.

तिची चाचणीही झाली होती. विकाराचा धोका जास्त असलेल्या, पण विकाराचं निदान लागू होत नसलेल्या ७०० तरुणींना दोन गटांत विभागलं. एका गटाला टेसा दिली, दुसऱ्याला थांबायला सांगितलं. तीन आणि सहा महिन्यांनी टेसा-गटातल्या मुलींची वजन-आकाराबद्दलची चिंता थांबलेल्या गटापेक्षा जास्त उतरलेली होती. फरक लहान होता, पण खरा होता. प्रतिबंधाच्या कामात लहान फरकालाही किंमत असते, कारण तो हजारोंना जवळपास फुकट देता येतो.

आता ही चाचणी नीट वाचली तर तिच्यात काय नाही तेही दिसतं. आजारी माणूस तिच्यात नाही. हेल्पलाइनशी तुलना नाही, तुलना आहे ती ‘काहीच न मिळण्या’शी. मनात येईल ते विचारण्याची मोकळीक नाही. फिट्झसिमन्स-क्राफ्ट यांनी हे लपवलं नव्हतं. टेसा म्हणजे ऐकून घेणारा कान नव्हे, हेल्पलाइनसारखं तिच्याशी मोकळं बोलता येणार नाही, असं त्या टेसा बंद पडण्याच्या आधीच्या आठवड्यातही सांगत होत्या. नीडानेही ‘टेसा ही हेल्पलाइनची बदली नाही’ असं म्हटलं. पण एक दार बंद करून शेजारचं एकच दार उघडं ठेवलं, की पाटीवर काय लिहिलंय याला फारसा अर्थ उरत नाही.

नियमांवर चालणारी टेसाही निर्दोष नव्हती, हे सांगायला हवं. संशोधकांनी दोन हजारांहून अधिक वापरकर्त्यांचे संवाद वाचून एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात एक उदाहरण आहे. एकीने लिहिलं की मला माझं दिसणं आवडत नाही, स्वभाव वाईट आहे, घरच्यांना मी नकोशी आहे, मित्र नाहीत, काही मिळवलेलं नाही. टेसाचं उत्तर साधारण असं: तुमचे चांगले गुण असेच ओळखत राहा! या ठिकाणी बॉटला फक्त ‘वापरकर्तीने स्वतःबद्दल काहीतरी सांगितलं’ एवढंच कळलं आणि शाबासकीचं तयार वाक्य सुटलं. वाचताना अंगावर काटा येतो. तरी एक गोष्ट बरी होती: ते वाक्य कुठून आलं हे शोधता येत होतं आणि बदलता येत होतं.

मधल्या काळात बदललेली गोष्ट

टेसा बंद झाल्यावर प्रश्न पडला की ठरीव वाक्यांच्या बॉटमध्ये कॅलरीचं गणित आलं कुठून. कॅसचे प्रमुख मिकिएल राउस यांनी सांगितलं की २०२२ मध्ये यंत्रणेत सुधारणा झाली, प्रश्नोत्तरांच्या भागात जनरेटिव्ह एआय, म्हणजे उत्तरं स्वतः रचणारा एआय, आला, आणि हे नीडाबरोबरच्या करारात बसत होतं. नीडाच्या तेव्हाच्या प्रमुख लिझ थॉम्पसन यांचं म्हणणं उलट: आम्हाला हा बदल सांगितलाच नाही, सांगितला असता तर मान्य केला नसता.

कोण खरं बोलतंय हे ठरवायची मला गरज वाटत नाही. दोघंही खरं बोलत असतील तर प्रकरण जास्तच गंभीर आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘अपडेट’ हा रोजचा व्यवहार आहे. ग्राहकाला कळवलं नाही तरी कोणाला खटकत नाही. औषधाच्या गोळीतला घटक बदलला तर नवी परवानगी लागते. टेसाला असं कोणतंच फाटक लागलं नाही. ७०० मुलींवरची चाचणी एका बॉटची होती आणि मे २०२३ मध्ये उत्तरं देत होता तो दुसराच, फक्त नाव आणि चेहरा पहिल्याचा.

स्क्रीनशॉट येण्याआधी नीडातल्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याने त्या इन्स्टाग्राम पोस्टखाली हे खोटं असल्याचं लिहिलं होतं. पुरावा समोर आल्यावर ती टिप्पणी काढली गेली. एका मानसशास्त्रज्ञ बाईने स्वतः टेसाशी बोलून पाहिलं, तर तिलाही तशीच उत्तरं मिळाली. विकाराने पछाडलेल्या माणसाचं पहिलं म्हणणं ‘खोटं’ ठरवलं जाणं, हे या क्षेत्रात नवं नाही.

त्या सल्ल्यात नेमकं वाईट काय

इथे थोडं थांबायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला टेसाचं उत्तर साधं, समंजसच वाटेल. आठवड्याला एक-दोन पाउंड हा अमेरिकेतला जुना, प्रमाण सल्ला आहे. लठ्ठपणावर उपचार घेणाऱ्याला डॉक्टर तेच सांगतील.

खाण्याच्या विकारात मात्र तोच सल्ला उलटतो. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बुलिमियाची, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी वगैरेने भरून काढण्याच्या विकाराची, जी साखळी मांडली ती अशी. माणूस स्वतःची सगळी किंमत वजन आणि आकारावर ठरवतो. म्हणून कडक डाएट करतो. कडक नियम केव्हातरी मोडतो, आणि मोडला की पूर्ण मोडतो: अर्ध्या तासात बिस्किटांचे पुडे, काल रात्रीचा भात, मुलांच्या डब्यातला खाऊ, उभ्याउभ्या, चव न कळता. मग भीती, मग उलटी किंवा जुलाबाचं औषध किंवा उपास. आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी कडक डाएट. या साखळीत ‘५०० कॅलरी कमी करा’ हा सल्ला थेट दुसऱ्या कडीला बळ देतो. कॅलिपर घेऊन चरबी मोजणं म्हणजे शरीर पुन्हा पुन्हा तपासत राहणं, जे उपचारात कमी करायला शिकवतात.

सगळ्यात मजेशीर, खरं तर बोचरी, गोष्ट वजनकाट्याची. दर आठवड्याला वजन करा, असं टेसा म्हणाली. सीबीटीतही दर आठवड्याला वजन करतात! पण तिथे ते थेरपिस्टसोबत करतात, आणि मधल्या सहा दिवसांत काट्यावर चढायचं नाही हा त्याचा अर्धा उद्देश असतो. दिवसातून पाच वेळा वजन करणारीला आठवड्यातून एकदावर आणायचं. मुळीच न करणारीला भीतीला सामोरं न्यायचं. आणि दोघींनाही दाखवायचं की नियमित जेवल्याने आकडा भयंकर उडी मारत नाही, तो थोडा वर-खाली हलतच असतो. कृती हुबेहूब तीच, पण एकीकडे ती भीती उतरवण्यासाठी आणि दुसरीकडे वजन उतरवण्यासाठी. शब्दांवरून पुढचे शब्द रचणाऱ्या यंत्राला हा फरक सापडणं कठीण, कारण तो शब्दांत नाहीच.

मग स्वयं-मदत चालते का?

चालते. टेसामुळे ही बाब झाकोळली गेली याचं मला जास्त वाईट वाटतं.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक सूचना बुलिमिया आणि बिंज ईटिंग (ताबा सुटून भरमसाट खाणं) असलेल्या प्रौढांसाठी पहिला उपाय म्हणून ‘गाइडेड सेल्फ-हेल्प’, म्हणजे कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली स्वयं-मदत, सुचवते. नाइलाज म्हणून नव्हे, पहिली पायरी म्हणून. सीबीटीवर आधारलेलं साहित्य रुग्ण स्वतः वाचून अमलात आणतो आणि सोबत चार ते नऊ छोट्या भेटी होतात, प्रत्येकी वीस मिनिटांच्या, सोळा आठवड्यांत पसरलेल्या, सुरुवातीला दर आठवड्याला. साहित्य छापील असो वा ऑनलाइन, गाभा तोच.

त्या वीस मिनिटांत काय होतं? रुग्णाने आठवडाभर एक तक्ता भरलेला असतो. किती वाजता, काय खाल्लं, कुठे खाल्लं, ते जास्त झालं असं वाटलं तर शेजारी एक चांदणी, उलटी केली असेल तर तशी खूण, आणि शेवटच्या रकान्यात तेव्हा मनात काय होतं. तक्ता खाल्ल्या-खाल्ल्या भरायचा, रात्री आठवून नाही. कॅलरीचा रकाना नसतो. मदत करणारी व्यक्ती तक्त्यात पदार्थ बघत नाही, आधी वेळा बघते. सकाळी आठला चहा, मग थेट दुपारी चारला एक पोळी, आणि संध्याकाळी सातला चांदण्यांची रांग. ‘आठ ते चारमध्ये काय झालं?’ एवढा एकच प्रश्न पुष्कळदा पुरतो. पहिला धडा म्हणजे दिवसात तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि मध्ये तीन-चार तासांपेक्षा मोठी फट नाही. काय खायचं हा प्रश्न बराच नंतर येतो. फटी बुजल्या की बिंज आपोआप विरळ होतात, हे रुग्णाला स्वतःच्याच तक्त्यात दिसायला लागतं. ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं हीच स्वयं-मदतीची ताकद.

माणसाची भूमिका एवढीशीच असली तरी ती काढून टाकता येत नाही. निव्वळ ऑनलाइन कार्यक्रमांचं जुनं दुखणं म्हणजे लोक तिसऱ्या-चौथ्या धड्याला सोडून जातात. आठवड्याला कोणीतरी विचारणार आहे हे ठाऊक असलं तर जास्त जण टिकतात. आणि नाइसच्या सूचनेत थांबण्याची जागाही ठरलेली आहे: चार आठवड्यांत उपयोग दिसला नाही तर स्वयं-मदत सोडून थेरपिस्टसोबतच्या सीबीटीचा विचार करा. ॲनोरेक्झियाच्या प्रौढ रुग्णासाठी ही सूचना स्वयं-मदत हा उपचार म्हणून देतच नाही. उपासमारीतल्या शरीराला पुन्हा अन्न सुरू करतानाही रक्तातलं फॉस्फेट धोकादायक रीतीने घसरू शकतं. सतत उलट्या करणाऱ्या बुलिमियाच्या रुग्णाचं पोटॅशियम इतकं उतरू शकतं की हृदयाचे ठोके चुकतात, आणि बाहेरून माणूस अगदी ठणठणीत, वजनही ‘नॉर्मल’ दिसत असतं. रक्ततपासणी कोणत्याही स्क्रीनवर होत नाही. स्वयं-मदतीचं कोणतंही साधन सुरुवातीलाच ‘तुमच्यासाठी हे नाही, डॉक्टरांकडे जा’ म्हणू शकतं की नाही, हा त्याचा पहिला कस.

आपल्याकडे

हे सगळं न्यूयॉर्क आणि सेंट लुइसमधलं असलं तरी तशी वेळ इथे यायला फार दिवस लागणार नाहीत. मराठीत खाण्याच्या विकारांवरची स्वयं-मदत शोधणाऱ्या मुलीला आज बहुतेक ‘पंधरा दिवसांत पाच किलो’ हेच आधी सापडतं. ‘अगं बारीक झालीस!’ ही आपल्याकडे शाबासकी असते, आणि ती उलट्या करून बारीक झालेलीलाही मिळते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं, आणि पलीकडे माणूस असतो. ती सगळ्या मानसिक त्रासांसाठी आहे. खाण्याच्या विकारासाठी त्यापुढे सोळा आठवड्यांचा असा कार्यक्रम लागेल.

असा कार्यक्रम मराठीत करायचा म्हटलं तर भाषांतराने भागणार नाही. ‘चार तासांपेक्षा मोठी फट नको’ हा नियम संकष्टी, एकादशी आणि नवरात्राशी पहिल्याच महिन्यात धडकेल. विकार उपासाच्या आड फार सुरेख लपतो, आणि ‘उपास सोड’ म्हणणारा कार्यक्रम घरात टिकणार नाही. उपासाच्या दिवशी दूध, फळं, राजगिरा, भगर यांवर वेळा कशा सांभाळायच्या आणि देवाचा उपास कुठे संपून वजनाचा कुठे सुरू होतो, हे त्या वीस मिनिटांतल्या माणसालाच विचारावं लागेल. एकत्र जेवायला बसणाऱ्या घरात तक्ता खाल्ल्या-खाल्ल्या कुठे भरायचा, सासूने वाढलेल्या दुसऱ्या पोळीला नाही कसं म्हणायचं, हेही.

आणि एखादं रुग्णालय किंवा संस्था तयार ॲप विकत घेत असेल, तर विक्रेत्याला विचारायचे प्रश्न टेसाने लिहून दिले आहेत. चाचणी कोणावर झाली, आजारी माणसांवर की फक्त धोक्यातल्यांवर? तुलना कशाशी होती? चाचणीतली आवृत्ती आणि आज चालू असलेली आवृत्ती एकच आहे का, आणि बदलली तर आम्हाला लेखी कळवणार का? उत्तर रचलं जातं की निवडलं जातं? रोजचे संवाद कोणी वाचतं का? आणि आमचा सध्याचा फोन बंद केला नाही तर तुम्ही किती सवलत द्याल? शेवटच्या प्रश्नाला विक्रेता हसेल, पण नीडाची सगळी गफलत त्याच एका ठिकाणी झाली होती: टेसा आणि हेल्पलाइन एकमेकांशेजारी ठेवता आल्या असत्या.